डाऊन सिंड्रोमचं संशोधन घरापर्यंत कधी पोचणार?

माननीय संपादक,
नमस्कार.

मधे तुमच्या पेपरात पहिल्या पानावर एक बातमी होती, शास्त्रज्ञांनी जास्तीचं क्रोमोसोम कापून काढलं, डाऊन सिंड्रोमवर उपाय सापडला वगैरे. ती बातमी मला एका दिवसात इतक्या लोकांनी फॉरवर्ड केली की शेवटी फोन सायलेंटवर टाकला. माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे, त्याने आता चाळिशी ओलांडलीये, आणि आई-बाबा थकल्यापासून त्याचं सगळं मीच बघते, त्यामुळे असं काही छापून आलं की लोकांना आधी मी आठवते. हेतू चांगलाच असतो त्यांचा. पण बातमीत जे लिहिलं होतं आणि मुळात जे झालं होतं त्यात बराच फरक होता, आणि त्याहून जास्त खटकतं ते हे की ज्या संशोधनाचा माझ्या भावाला उद्या सकाळपासून उपयोग होईल ते पहिल्या पानावर तर सोडाच, आतल्या पानावरही कधी दिसत नाही. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी त्या बातमीबद्दल. डाऊन सिंड्रोममध्ये २१ नंबरच्या क्रोमोसोमच्या दोनऐवजी तीन कॉपी असतात. २०२५ मध्ये जपानच्या मिए विद्यापीठातल्या टीमने क्रिस्पर हे डीएनए नेमक्या जागी कापायचं तंत्र वापरून ती तिसरी कॉपी पेशींमधून काढून टाकली. पेशी म्हणजे लॅबमध्ये डिशमध्ये वाढवलेल्या पेशी, माणूस नाही, आणि त्या डिशमधल्या सगळ्या पेशींमधूनही नाही. काम भारीच आहे, त्यात वाद नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला जीन लॉरेन्स या शास्त्रज्ञांच्या टीमने तीच जास्तीची कॉपी न काढता एका जनुकाच्या (इंग्रजीत जीन) मदतीने नुसती बंद करून दाखवली होती, तीसुद्धा लॅबमधल्या पेशींमध्येच. २०२२ मध्ये युरोपातल्या एका टीमने डाऊन सिंड्रोम असलेल्या ७ पुरुषांना सहा महिने पंपाने एक हार्मोन दिलं आणि त्यातल्या ६ जणांचे बुद्धीच्या चाचण्यांमधले मार्क सुधारले. सातच जण, आणि तुलना करायला ते हार्मोन न दिलेला दुसरा गट नाही! आशा वाटावी असंच आहे हे, मी नाही म्हणत नाही, पण हेडिंगमध्ये तो सातचा आकडा का नसतो एवढंच माझं म्हणणं. ज्या घरात नुकतंच बाळ झालंय आणि डॉक्टरांनी कालच रिपोर्ट हातात दिलाय तिथे "उपाय सापडला" हे दोन शब्द काय करत असतील याचा विचार हेडिंग देणाऱ्याने करावा.

आता दुसऱ्या बाजूचं बघा. ब्रिटनमध्ये कार्डिफ विद्यापीठात मॅगी वुडहाउस यांच्या टीमने डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे डोळे वर्षानुवर्षं तपासले, आणि त्यातून असं दिसलं की साधारण चारातल्या तीन मुलांना जवळचं नीट फोकस करता येत नाही. म्हातारपणी आपल्याला वाचायचा चष्मा लागतो तसं नाही, अगदी लहानपणापासून. लांबचा नंबर असला आणि त्याचा चष्मा बरोबर दिला तरी जवळची अक्षरं धूसरच राहतात. यावर उपाय कुठला, तर बायफोकल चष्मा. तोच, जो चष्म्याच्या कुठल्याही दुकानात मिळतो. त्यांनी बायफोकल लावलेल्या मुलांचं काम साध्या चष्म्याच्या मुलांशी ताडून बघितलं, फायदा दिसला, आणि काही मुलं तर बायफोकल वापरता वापरता स्वतःहून जवळचं फोकस करायला शिकली.

हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसले होते. कारण माझा भाऊ शाळेत असताना त्याच्याबद्दल कायम एकच तक्रार यायची, वहीत बघत नाही, लक्ष खिडकीबाहेर असतं. खिडकीबाहेरचं त्याला दिसत होतं हो! त्या काळात हे कोणाला माहीतच नव्हतं, त्यामुळे त्या बाईंना मी बोल लावत नाही. पण आज माहीत आहे, छापून येऊन बरीच वर्षं झालीयेत, आणि तरीही मी ज्या पालकांना भेटते त्यातल्या बहुतेकांच्या मुलांची जवळची नजर कोणी तपासलेलीच नसते. डोळ्यांचे डॉक्टर लांबचा तक्ता दाखवतात, नंबर काढतात, झालं. शिक्षिकेला वाटतं मुलाला समजत नाही, आईला वाटतं शिक्षिका दुर्लक्ष करते, आणि डॉक्टरांना तर शाळेत काय चाललंय याची कल्पनाच नसते. संशोधन एका जर्नलमध्ये, मूल भलतीकडेच.

कानांचंही असंच. डाऊन सिंड्रोम असलेल्या साधारण ७५ टक्के मुलांना कधी ना कधी ऐकण्याचा त्रास होतो, बहुतेक वेळा कानाच्या पडद्यामागे पाणी साठल्यामुळे, आणि ते कमीजास्त होत राहतं, म्हणजे या महिन्यात ऐकू येतं पुढच्या महिन्यात नाही. मग हट्टी आहे, हाक मारली की मुद्दाम बघत नाही, असं नाव पडतं. थायरॉइड वर्षातून एकदा तपासायचा असतो, कारण त्याची लक्षणं म्हणजे सुस्ती, वजन वाढणं, कोरडी कातडी, आणि ती "याचं असंच असतं" मध्ये सहज लपतात. जन्मल्यावर प्रत्येक बाळाची हृदयाची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायची, डॉक्टरांना स्टेथोस्कोपने काही ऐकू आलं नाही तरी, कारण जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि तो वेळेत सापडला तर ऑपरेशनने छान दुरुस्त होतो. आणि झोप! अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या गाइडलाइनमध्ये सांगितलंय की मूल ४ वर्षांचं व्हायच्या आत एकदा स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करा, आईवडिलांना वाटत असलं की छान झोपतोय तरीही, कारण झोपेत श्वास अडकतो की नाही हे नुसतं बघून घरच्यांना नीट कळत नाही असं अभ्यासात दिसलंय. म्हणजे जे घरी बसून समजणारच नाही तेसुद्धा समजायला आधी कोणीतरी सांगायला लागतं.

आणि नवं पोचत नाही तसं जुनं जातही नाही. मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा या मुलांमध्ये सैल असू शकतो, म्हणून पूर्वी त्रास असो नसो सगळ्यांचा मानेचा एक्स-रे काढायला सांगायचे. त्याच अकॅडमीच्या २०११ च्या गाइडलाइनमध्ये ते काढून टाकलं, कारण काही त्रास नसलेल्या मुलाचा एक्स-रे पुढे काय होईल हे सांगू शकत नाही. त्याऐवजी आईवडिलांना आणि शाळेला लक्षणं समजावून सांगा असं म्हटलंय, मान दुखणं किंवा वाकडी धरणं, चालण्यात बदल, हातापायातली ताकद कमी होणं, लघवी-शीवर आधी असलेला ताबा जाणं, असं काही दिसलं तर लगेच डॉक्टर. पण अजूनही काही शाळा खेळात घ्यायच्या आधी तोच एक्स-रे मागतात आणि लक्षणांची यादी पीटीच्या सरांना कोणी दिलेली नसते. एक्स-रेची फाइल आहे, जे बघायला हवं ते बघणारं कोणी नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते, कारण संशोधन वरून खाली वाहतं, प्रोफेसरकडून आईबापाकडे, असं जे आपण धरून चालतो ते तिथे पूर्ण उलटं झालं. १९८० च्या आसपास इंग्लंडमध्ये लेस्ली डफेन नावाच्या एका वडिलांनी पोर्ट्समथ पॉलिटेक्निकमधल्या सू बक्ली या मानसशास्त्रज्ञांना पत्र लिहिलं. त्यांची मुलगी सारा, डाऊन सिंड्रोम असलेली, तिला त्यांनी अगदी लहानपणापासून कार्डांवर शब्द लिहून वाचायला शिकवलं होतं आणि त्यांना दिसत होतं की ती वाचायला शिकली त्यामुळे तिचं बोलणंही सुधारतंय. त्या काळात बहुतेक तज्ज्ञांचं मत होतं की ही मुलं वाचूच शकणार नाहीत. एका बापाचं पत्र म्हणून बक्ली यांनी ते बाजूला ठेवलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं, पण त्यांनी त्यावर काम सुरू केलं. पुढे त्यातून बरंच निघालं, की या मुलांना ऐकलेलं डोक्यात धरून ठेवायला जड जातं पण पाहिलेलं चांगलं लक्षात राहतं, म्हणून छापील शब्द हा बोलण्याकडे जायचा एक रस्ता होऊ शकतो. आधी बोलायला येऊ दे मग वाचायचं बघू, हा आपला नेहमीचा क्रम त्यांच्या बाबतीत उलटा करून बघायला हरकत नाही.

आणि हे नुसतं गोड गोष्टीवर थांबलं नाही. २०१२ मध्ये त्याच कामातून एक रीतसर चाचणी छापून आली, डाऊन सिंड्रोम असलेली ५७ मुलं, साध्या शाळांमधली, काहींना लगेच शिकवणं सुरू केलं आणि काहींना वीस आठवड्यांनी, म्हणजे तुलना करता येईल. रोज ४० मिनिटं, वाचन आणि भाषा, आणि शिकवणारे कोण तर शाळेतले मदतनीस शिक्षक ज्यांना आधी ट्रेनिंग दिलं होतं. लगेच सुरू केलेल्या मुलांची शब्द वाचण्यात, अक्षरांचे आवाज ओळखण्यात, शिकवलेले नवे शब्द वापरण्यात जास्त प्रगती झाली. पण जे शब्द शिकवले नव्हते त्यात, एकूण भाषेत, तसा फरक दिसला नाही. हे दुसरं वाक्य मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. कारण पहिलंच वाक्य सांगितलं की कोणीतरी त्याचा क्लास काढतं आणि "तीन महिन्यांत मूल बोलायला लागेल" अशी पाटी लावतं. दोन्ही वाक्यं सांगितली तर आईला कळतं की रोज बसायला लागेल, जे हवं ते शिकवायला लागेल, आपोआप काही येणार नाही, पण शिकवलं तर येतं.

अजून एक, जे आपल्या वाचकांनी तर नक्की वाचायला हवं. कितीतरी घरांना सांगितलं जातं की मुलाला डाऊन सिंड्रोम आहे ना, मग दोन भाषांचा गोंधळ नको, घरातली भाषा बंद करा आणि शाळेची एकच भाषा बोला. कॅनडात एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दोन भाषांत वाढणारी डाऊन सिंड्रोमची मुलं आणि एकाच भाषेत वाढणारी यांची तुलना केली, तर दोन भाषावाली मुलं इंग्रजीत मागे पडलेली दिसली नाहीत, वर दुसरी भाषाही थोडीफार येत होती. छोटा अभ्यास होता, पण "घरची भाषा बंद करा" या सल्ल्याला तेवढाही आधार कुठे आहे? आजी नातवाशी ज्या भाषेत बोलते तीच काढून घेतली तर त्या मुलाशी घरात बोलणार कोण!

माझ्या भावाचं थोडं सांगते, कारण मोठ्या माणसांबद्दल तर कोणीच बोलत नाही, फोटोत नेहमी लहान मुलंच असतात. काही वर्षांपूर्वी तो गप्प गप्प व्हायला लागला, आवडीची कामं सोडली, विचारलेल्याचं उत्तर भलतंच द्यायचा, दिवसा झोपायचा. एका डॉक्टरांनी खोलीत शिरल्या शिरल्या सांगितलं, अल्झायमर, यांना लवकर होतो, आता असंच चालणार. अल्झायमरचा धोका खरा आहे, मी तो नाकारत नाही, ज्या एपीपी जीनमधून अमायलॉइड नावाचं प्रथिन बनतं तो जीन नेमका २१ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, म्हणून चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत तसे बदल दिसतात, प्रत्यक्ष विसरणं वगैरे बहुतेकांचं पन्नाशीनंतर सुरू होतं. पण २०२० मध्ये जामा या जर्नलमध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसांसाठी गाइडलाइन आलीये, त्यात चाळिशीपासून दरवर्षी स्मृतीची तपासणी करा हे आहे आणि चाळिशीच्या आत अल्झायमरचं लेबल लावताना सांभाळून हेही आहे. भाऊ तेव्हा चाळिशीच्या आतच होता! ती गाइडलाइन मी प्रिंट काढून दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्या बाई भल्या, रागावल्या नाहीत, वाचली, मग कान बघितले. यांच्या कानाची नळी अरुंद असते त्यामुळे मळ घट्ट बसतो, तो दोन्ही कानांत ठासून भरलेला होता, आणि थायरॉइड खूप कमी निघाला. गोळी सुरू झाली, कान साफ झाले, आणि हळूहळू माणूस परत बोलायला लागला. पुढे कधी अल्झायमर होणारच नाही असं नाही. पण पहिल्याच डॉक्टरांनी तपासलं असतं तर ते वर्ष तरी मळात आणि थायरॉइडमध्ये गेलं नसतं.

हा जो प्रकार आहे ना, प्रत्येक लक्षण डाऊन सिंड्रोमच्या खात्यात टाकायचं आणि पुढे बघायचंच नाही, तो माझ्या मते संशोधन न पोचण्याचा सगळ्यात महागडा परिणाम. अमेरिकेतल्या नोंदींमध्ये १९८३ साली डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचं मृत्यूच्या वेळचं मधलं वय २५ होतं, १९९७ पर्यंत ते ४९ झालं, आता साठीच्या आसपास म्हणतात. ते क्रोमोसोम कापून झालेलं नाही. हृदयाची ऑपरेशनं मिळायला लागली, संस्थांमध्ये टाकून देण्याऐवजी मुलं घरी राहायला लागली, साधे आजार साध्या आजारांसारखे बघितले जायला लागले, त्याने झालं.

माहिती पोचत नाही तिथे रिकामी जागा राहते आणि ती भरायला लोक टपलेलेच असतात. व्हिटॅमिनचे डबे, मेंदूचं टॉनिक. ब्रिटनमध्ये १५६ बाळांवर अँटिऑक्सिडंट आणि फोलिनिक अ‍ॅसिडची नीट चाचणी झाली, २००८ मध्ये बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आली, विकासात काही फायदा दिसला नाही. अशा "नाही" ची बातमी का होत नाही? आईबापाचे पैसे आणि त्याहून जास्त म्हणजे अपराधीपणा वाचला असता, की आपण तो डबा आणला नाही म्हणून मूल मागे राहिलं का.

आता माझं म्हणणं. सध्या घरचा माणूस पोस्टमन झालाय, डोळ्याच्या डॉक्टरांचं शाळेत सांग, शाळेचं स्पीच थेरपिस्टला सांग, थेरपिस्टचं परत बालरोगतज्ज्ञांना सांग, आणि प्रत्येक ठिकाणी "तुम्ही इंटरनेटवर वाचलंय का" हे ऐकून घे. ज्या आईला इंग्रजी येत नाही किंवा डॉक्टरांसमोर बोलायची भीती वाटते तिने काय करायचं? मी प्रिंट काढून नेऊ शकले, सगळ्यांना नाही जमत. आणि तज्ज्ञांसाठी वेगळं, पालकांसाठी वेगळं सोपं करून, शिक्षकांसाठी तिसरं, अशी जी पद्धत आहे तीच मला पटत नाही, कारण मग प्रत्येकाच्या हातात दुसरंच काहीतरी असतं. एकच कागद करा, घरच्या भाषेत, वयाप्रमाणे काय तपासायचं, शाळेत काय करायचं, काय पूर्वी सांगायचे पण आता सांगत नाहीत, आणि तोच कागद डॉक्टर, शिक्षक आणि आई तिघांच्या हातात द्या. मग आईने बायफोकल म्हटलं तर डॉक्टरांना नवल वाटणार नाही, कारण त्यांच्याही कागदावर ते लिहिलेलं असेल.

संशोधकांनाही एक सांगायचंय. आमच्या मुलांचं रक्त घेता, चाचण्या घेता, आम्ही आनंदाने येतो, दिवस मोडून येतो. मग पुढे काय निघालं ते आम्हाला कळवा की. काहीच निघालं नाही तरी कळवा. तुमचा पेपर पैसे भरल्याशिवाय उघडत नाही अशा जर्नलमध्ये जातो आणि ज्याचं रक्त त्यात आहे त्याच्या घरच्यांना तो वाचता येत नाही, हे बरोबर दिसत नाही. आणि निकाल ऐकताना मोठ्या झालेल्या व्यक्तींनाही समोर बसवा, माझ्या भावाला साध्या भाषेत सांगितलं तर त्याच्या कानाबद्दल, गोळीबद्दल त्याला व्यवस्थित कळतं, आणि प्रश्नही विचारतो, कधी कधी अडचणीत टाकणारे.

संपादक साहेब, २१ मार्चला जागतिक डाऊन सिंड्रोम दिवस असतो, तेव्हा रंगीबेरंगी वेगवेगळे मोजे घातलेले फोटो तुम्ही छापता, छापा, मलाही आवडतात. फक्त त्याच पानावर अर्धा कॉलम त्या यादीला द्या. इको, कान, जवळची नजर, थायरॉइड, झोप, मानेची लक्षणं, वाचन कधीपासून, चाळिशीनंतर काय. कच्ची यादी मी करून पाठवते, पण छापायच्या आधी एखाद्या बालरोगतज्ज्ञांकडून, एखाद्या शिक्षिकेकडून आणि असं मूल असलेल्या दोन-तीन घरांतून तपासून घ्या, आणि खाली तारीख नक्की टाका, कारण यातलं काहीतरी पुढच्या काही वर्षांत बदलणार आहे आणि तेव्हा जुनं कात्रण कोणी शाळेत दाखवत बसायला नको.

आपली,
एक नियमित वाचक